शंभर टक्के, पण कशाचे?

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी चौकाचौकांत फलक लागतात. ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा’ अशी ओळ, तिच्याखाली पहिल्या पाच मुलांचे फोटो आणि बाजूला संस्थाचालकांचे, ते बहुधा मुलांपेक्षा जरा मोठेच. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे सिरोंचाही याला अपवाद नाही. मग काही दिवसांनी शिक्षकांच्या एखाद्या बैठकीत एक तक्ता फिरू लागतो. शाळेचे नाव, शाळेचा प्रकार, परीक्षेला बसलेले, उत्तीर्ण झालेले, टक्केवारी. प्रकार आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत: जिल्हा परिषदेचे हायस्कूल, शासकीय आश्रमशाळा, अनुदानित आश्रमशाळा, खाजगी अनुदानित विद्यालय आणि अलीकडची स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा. शेवटच्या रकान्यात कोणीतरी हिरव्या-लाल खुणा केलेल्या असतात. बैठक संपायच्या आत कोणीतरी म्हणतेच, “बघा, अमक्या प्रकारच्या शाळा चांगल्या, तमक्या प्रकारच्या शाळांवरचा खर्च फुकट.”

अशाच एका बैठकीत मी मागच्या बाकावर बसलो होतो. शेजारच्या गुरुजींच्या शाळेपुढे लाल खूण होती. ते काही बोलले नाहीत. तक्त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आकडेमोड करत राहिले. चहाच्या वेळी म्हणाले, “सर, नववीच्या अखेरीस माझ्याकडे चार पोरं आली. त्यांच्या आधीच्या शाळेनं सांगितलं होतं, एकतर सतरा नंबरचा फॉर्म भरा, नाहीतर दाखला घेऊन जा. दाखला घेऊन ती माझ्याकडे आली. त्यांतली तीन नापास झाली. माझ्या रकान्यात ती नापास आहेत. त्यांच्या रकान्यात ती कधी बसलीच नव्हती.”

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. खाजगीरीत्या बसणाऱ्यांसाठी केलेली ती सोय आहे, आणि तिच्यामुळे शिक्षण सुटलेल्या असंख्य लोकांचे भले झाले आहे. पण तीच सोय शाळेच्या टक्केवारीतला छेद लहान करण्यासाठीही वापरता येते. शंभर टक्के म्हणजे शंभर भागिले शंभर. परंतु खालचा शंभर हा आकडा कोणी आणि केव्हा मोजला, हे फलकावर लिहिलेले नसते.

हा तक्ता नुसता कागद असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये राज्यातल्या दहा किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत हलवण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा कमी पटाबरोबर गुणवत्तेचेही कारण पुढे करण्यात आले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ उभारण्यासाठी प्रस्ताव मागवले गेले. पुस्तकात ‘जवळची शाळा’ म्हटले की दोन-तीन किलोमीटरचा रस्ता डोळ्यांपुढे येतो. सिरोंचा तालुक्यात त्या दोन-तीन किलोमीटरांत पावसाळ्यात नाला असतो, आणि नाला भरला की शाळा जवळ राहत नाही. म्हणून ‘कोणत्या प्रकारची शाळा चांगली’ या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर त्याची किंमत सहा-सात वर्षांचे मूल देते.

आले कोण, टिकले कोण

एका बाजूने सुरुवात करू. जिल्ह्यात घोट येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. पाचवीत असताना परीक्षा द्यायची, जिल्हाभरातून निवड व्हायची, आणि सहावीपासून तिथे राहून शिकायचे. अशा शाळेचा दहावीचा निकाल चांगला लागतो, यात नवल काय? दहावीच्या यशाचा मोठा वाटा सहावीच्या दारातच निवडून घेतलेला असतो. तिथले शिक्षक चांगले शिकवत नाहीत, असे मी मुळीच म्हणत नाही. कदाचित फारच चांगले शिकवत असतील. एवढेच की दहावीच्या टक्केवारीवरून ते कळणार नाही.

दुसऱ्या बाजूला आश्रमशाळा. तिथे निवड उलट्या दिशेने होते. ज्या टोल्यावर शाळा नाही, किंवा आहे पण चौथीपर्यंतच आहे, तिथले मूल आश्रमशाळेत येते. घरात माडिया बोलतात, बाजारात तेलुगू आणि पुस्तकात मराठी. सिरोंच्यात आठवडी बाजाराच्या दिवशी थोडा वेळ उभे राहिले तरी या तीन भाषांची सरमिसळ कानावर पडते. पहिलीचे पुस्तक हाती घेणाऱ्या मुलाची मराठीशी तीच पहिली भेट असू शकते. हे मूल चौथीत अडखळत मराठी वाचते, म्हणून त्याची शाळा कमी प्रतीची ठरवायची, की चार वर्षांत परकी भाषा वाचायला शिकवली म्हणून तिची पाठ थोपटायची? तक्त्यात या दोहोंना एकच आकडा मिळतो.

गणिताच्या शिक्षकांसाठी एक उदाहरण देतो. आकडे पूर्णपणे कल्पित आहेत. वर्गात फळ्यावर मांडून पाहावेत. दोन शाळा घ्या, प्रत्येकीत शंभर मुले. बाजारपेठेतल्या शाळेत ८० मुलांच्या घरी कोणीतरी शिकलेले आहे आणि २० मुले घरातली पहिलीच शिकणारी आहेत. पहिल्या ८० पैकी ६४ नीट वाचतात, म्हणजे ८० टक्के. दुसऱ्या २० पैकी ८, म्हणजे ४० टक्के. एकूण ७२. जंगलातल्या शाळेत प्रमाण उलटे आहे: शिकलेल्या घरांतली २० मुले, त्यांतली १७ वाचतात, म्हणजे ८५ टक्के; पहिल्या पिढीची ८० मुले, त्यांतली ३६ वाचतात, म्हणजे ४५ टक्के. एकूण ५३.

आता तक्ता काय सांगेल? ७२ विरुद्ध ५३, लाल खूण जंगलातल्या शाळेपुढे. पण नीट पाहा. शिकलेल्या घरचे मूल असो की न शिकलेल्या घरचे, दोन्ही गटांत जंगलातली शाळाच पाच टक्क्यांनी पुढे आहे. आकड्यांत कुठेही लबाडी नाही, बेरीजही बरोबर आहे. तरी निष्कर्ष उलटा निघाला, कारण बेरीज करताना आपण शाळा मोजली नाही, पट मोजला. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. आपल्याकडे त्याला ‘निकाल विश्लेषण’ म्हणण्याची पद्धत आहे.

टिकण्याचा मुद्दा यापेक्षाही अवघड आहे, कारण जे गेले ते दिसत नाहीत. सिरोंचा तालुक्यातल्या शिक्षकांना यासाठी दूर जायला नको. त्यांच्या तालुक्यातल्या कोटा गावाचे नाव भूशास्त्रात अजरामर झाले आहे. ज्युरासिक काळातल्या तिथल्या खडकांना ‘कोटा फॉर्मेशन’ म्हणतात, आणि तिथल्या चुनखडकात सापडलेल्या माशांच्या जीवाश्मांचा अभ्यास एकोणिसाव्या शतकापासून होत आला आहे. त्या माशांना टणक, चकाकणारे खवले होते, म्हणून ते शिल्लक राहिले. त्याच पाण्यात मऊ अंगाचे जे जीव असतील त्यांची खूण सहसा उरत नाही. म्हणून काही कोणी असे म्हणत नाही, की त्या सरोवरात सगळेच जीव खवल्यांचे होते. दहावीच्या बाकावर बसलेली मुले हीसुद्धा खवल्यांची मुले आहेत. पहिलीत दाखल झालेली, आणि पाचवीत, सातवीत, नववीत गळून गेलेली मुले त्या चुनखडकात नाहीत.

सात मुलांची शाळा

तक्त्यात आणखी एक गोष्ट हटकून दिसते. सर्वांत वरच्या पाच शाळा लहान असतात, आणि मग कोणीतरी लहान शाळांचे गुणगान करते. यादीच्या तळाशी पाहिले, तर तिथेही लहान शाळाच असतात. मोठ्या शाळा मधे कुठेतरी असतात. यात शिक्षणशास्त्र काहीच नाही. हा नाणेफेकीचा खेळ आहे.

समजा सगळ्या शाळा अगदी सारख्या आहेत आणि कुठल्याही मुलाची उत्तीर्ण होण्याची शक्यता ८० टक्के आहे. दहावीत सात मुले असलेल्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागण्याची शक्यता किती? ०.८ ला ०.८ ने सहा वेळा गुणत गेलो तर सुमारे ०.२१ येते. म्हणजे साधारण पाच वर्षांतून एकदा केवळ योगायोगाने ‘शंभर टक्के’. आणि जवळपास सात वर्षांतून एकदा त्याच शाळेत चार किंवा त्याहून कमी मुले पास होतील, म्हणजे निकाल ५७ टक्के किंवा खाली. शिक्षक तेच, फळा तोच. सत्तर मुलांच्या शाळेत मात्र शंभर टक्के निकालाची शक्यता सुमारे साठ लाखांत एक. अमेरिकेत काही काळ लहान शाळांवर प्रचंड पैसा ओतला गेला, कारण उत्तम शाळांच्या यादीत त्या जास्त दिसत. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने २००७ साली एका लेखात दाखवून दिले, की निकृष्ट शाळांच्या यादीतही त्या तशाच जास्त दिसतात. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे वर्गच लहान आहेत, एका वर्षाचा निकाल पाहून शाळेला शाबासकी किंवा नोटीस देणे म्हणजे नाणे वर पडले म्हणून नाण्याचा सत्कार करण्यासारखे आहे.

‘असर’ काय दाखवतो आणि काय दाखवू शकत नाही

‘प्रथम’ संस्थेच्या प्रेरणेने २००५ पासून होणारे ‘असर’ सर्वेक्षण आपल्याला ठाऊक आहे. त्याची एक मोठी गोष्ट मला मनापासून आवडते: ते शाळेत न जाता घरी जाते. त्यामुळे शाळा सोडलेले मूलही त्यात येते. शाळेतच घेतलेल्या चाचणीत त्या दिवशी गैरहजर असणारे मूल सापडत नाही, आणि गैरहजर राहणारे बहुधा कच्चेच असते.

२०१८ च्या ‘असर’नुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले सरकारी शाळांत ४४ टक्के आणि खाजगी शाळांत ६५ टक्के होती. हा एकवीस टक्क्यांचा फरक मग भाषणांत, अग्रलेखांत आणि इंग्रजी शाळांच्या जाहिरातींत फिरत राहिला. पण याच ‘असर’च्या २००९ च्या अहवालात विलिमा वाधवा यांनी एक साधा प्रश्न विचारला होता: आईवडिलांचे शिक्षण, शिकवणी, घरची स्थिती या गोष्टी सारख्या असलेल्या मुलांची तुलना केली तर? उत्तर असे आले, की फरकाचा बराचसा भाग गळून पडतो. हा लेख भाषणांत फिरला नाही.

आपल्यासाठी दोन गोष्टी याहून महत्त्वाच्या आहेत. पहिली ‘खाजगी’ या शब्दाची. उत्तर प्रदेशात किंवा तेलंगणात खाजगी शाळा म्हणजे फी घेणारी, शिक्षकाला थोडक्या पगारावर राबवणारी शाळा. महाराष्ट्राच्या खेड्यातले खाजगी विद्यालय बहुधा अनुदानित असते. शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून, फी नाममात्र किंवा नाहीच, व्यवस्थापन तेवढे संस्थेचे. या दोन्हींना एकाच रकान्यात घालून ‘खाजगी शाळा सरस’ असे म्हणणे म्हणजे बैल आणि बैलगाडी यांचे वजन एकत्र करून बैलाची तब्येत ठरवणे होय.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागाची. ‘असर’ नियमितपणे घरी राहणाऱ्या मुलांनाच मोजतो. शिकायला बाहेरगावी, वसतिगृहात राहणारे मूल त्या घराच्या यादीत धरले जात नाही. शहराजवळच्या जिल्ह्यात याने फारसे बिघडत नाही. पण जिथे गावाच्या गावातली पोरे जून उजाडला की पेटी घेऊन आश्रमशाळेत जातात, तिथे घरोघर फिरणाऱ्या सर्वेक्षकाला ती भेटतच नाहीत. गडचिरोलीत तालुके बारा आणि गावे दीड हजारांवर. सर्वेक्षणात जिल्ह्यातली तीस गावे येतात. म्हणजे तालुक्याच्या वाट्याला दोन-तीन. जिल्ह्याचे ढोबळ चित्र मिळण्यासाठी ते पुरेसे आहे, आणि सर्वेक्षण करणाऱ्यांनी त्याहून अधिक दावा केलेलाही नाही. त्यावरून सिरोंच्यातल्या आश्रमशाळेविषयी बोलणारे मात्र आपल्या खिशातले बोलत असतात.

नदीपलीकडची सोडत

तर मग शाळेचा स्वतःचा वाटा कधी कळणारच नाही का? कळू शकतो, आणि तो शोधण्याचा देशातला सर्वांत नेटका प्रयत्न आपल्या शेजारीच झाला. सिरोंच्याच्या घाटावर उभे राहिले की समोर प्राणहितेपलीकडे जी जमीन दिसते, ती तेव्हा आंध्र प्रदेशच्या आदिलाबाद जिल्ह्यात होती (२०१४ पासून तेलंगणा, आणि २०१६ मध्ये आदिलाबादचे तुकडे झाल्यावर मंचेरियाल). त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या पाच जिल्ह्यांतल्या १८० गावांत २००८ पासून चार वर्षे हा प्रयोग चालला. अझीम प्रेमजी फाउंडेशनने तो राबवला, आणि कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले.

प्रयोगाची रचना विज्ञान शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. सरकारी शाळांतल्या मुलांच्या, आणि अंगणवाडीतून पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांना विचारले गेले: खाजगी शाळेची फी, पुस्तके, गणवेश यांचा खर्च आम्ही दिला तर तुमचे मूल तिथे घालाल का? ज्यांनी होय म्हणून अर्ज केले, त्यांची यादी झाली. मग सोडत निघाली, तीही दोनदा. आधी गावांची: निम्म्या गावांत योजना देणार, निम्म्यांत नाही. मग योजनेच्या गावांत अर्जदारांची: काहींना व्हाउचर, काहींना नाही.

दोनदा कशासाठी? पहिल्या सोडतीमुळे योजना असलेले गाव आणि नसलेले गाव यांची तुलना करता येते, म्हणजे हुशार मुले निघून गेल्यावर सरकारी शाळेत मागे राहिलेल्यांचे नुकसान होते का, हे तपासता येते. (तसे काही आढळले नाही.) दुसऱ्या सोडतीमुळे, ज्यांना मूल खाजगी शाळेत घालायची सारखीच इच्छा होती अशा दोन पालकांत फरक उरतो तो फक्त चिठ्ठीचा. आईचे शिक्षण, बापाची जमीन, घरची भाषा, मुलाची हुशारी, सारे दोन्हीकडे सरासरीने सारखे. प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्यांत तेच द्रावण घेऊन एकीतच आम्ल टाकावे, तसे.

आणखी एक बारकावा. व्हाउचर मिळालेल्यांपैकी दहांत सहाच्या आसपास मुलांनी ते प्रत्यक्ष वापरले. बाकीची सरकारी शाळेतच राहिली. एखाद्या घाईच्या संशोधकाने फक्त वापरणाऱ्यांना मोजले असते. पण वापरणारे आणि न वापरणारे हे पुन्हा आपसूक निवडलेले गट झाले, आणि सोडतीचा सगळा फायदा वाहून गेला असता. म्हणून आधी चिठ्ठी लागलेले सर्वच्या सर्व विरुद्ध न लागलेले सर्व, अशी तुलना केली गेली. आपल्या तक्त्यात नेमके हेच होत नाही.

निकाल काय? सुरुवातीला नेहमीप्रमाणे खाजगी शाळांतली मुले सरकारी शाळांतल्या मुलांच्या पुढे होती. सोडतीतल्या मुलांना दोन आणि चार वर्षांनी तपासले, तेव्हा तेलुगू आणि गणितात चिठ्ठी लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांत फरक आढळला नाही. जो फरक सर्वांना दिसत होता, तो शाळेचा नव्हता, घराचा होता.

मात्र खाजगी शाळेने काहीच केले नाही, असेही नाही. तिथे दिवस मोठा, वर्ग लहान, आणि शिक्षक गैरहजर राहण्याचे प्रमाण कमी होते. तेलुगू-गणिताला मात्र त्या कमी वेळ देत होत्या. उरलेला वेळ इंग्रजी, हिंदी आणि इतर विषयांना जात होता. हिंदीत चिठ्ठी लागलेली मुले स्पष्टपणे पुढे गेली, कारण सरकारी प्राथमिक शाळेत हिंदी जवळजवळ नव्हतीच. आणि खाजगी शाळांतला दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी होता.

इथून पुढे वाद सुरू होतो, आणि तो ऐकण्यासारखा आहे. एका गोटाने म्हटले, सरकारी शाळा कमी नाहीत, हे सिद्ध झाले. दुसऱ्या गोटाने म्हटले, एक तृतीयांश पैशांत तेवढेच तेलुगू-गणित आणि वर हिंदी, म्हणजे खाजगी शाळा अधिक कार्यक्षम. संशोधकांचा स्वतःचा कल दुसऱ्या बाजूला होता. आकडे दोघांचे तेच. माझे मत विचाराल तर दोघांनीही एक गोष्ट हलक्यावारी घेतली: तो स्वस्तपणा येतो कुठून? मुख्यतः शिक्षकाच्या पगारातून. तिथल्या खाजगी शाळेतल्या शिक्षकाला सरकारी शिक्षकाच्या पगाराचा लहानसा अंश मिळत होता, आणि त्याचे शिक्षण-प्रशिक्षणही कमी होते. गावात शिकलेली पण नोकरी नसलेली तरुण मुले-मुली आहेत, म्हणून हे जमते. ज्या गुड्यात दहावी झालेली व्यक्तीच विरळा, तिथे ही किफायतशीर शाळा काढायला माणूस कुठून आणणार? प्रयोग अव्वल आहे. पण तो अशा गावांत झाला जिथे खाजगी शाळा मुळात होती किंवा जवळ होती. सिरोंचा गावाला त्याचे निष्कर्ष लावता येतील. तालुक्याच्या आतल्या जंगलात नेताना सांभाळून न्यावेत.

दुसरा मुद्दा हिंदीचा. हिंदी मोजली तर खाजगी शाळा जिंकते, न मोजली तर बरोबरी. म्हणजे ‘चांगली शाळा कोणती’ याचे उत्तर आपण कोणते विषय चाचणीत घातले यावर ठरते. आता सिरोंच्याचा विचार करा. इथल्या मुलाला घरची तेलुगू किंवा माडिया किती समृद्ध येते, हे कोणत्याही चाचणीत नाही. मराठीत तो मागे, आणि म्हणून एकूणच मागे. त्याच अभ्यासात असेही सूचित होते, की मातृभाषेतून इंग्रजी माध्यमात टाकलेल्या मुलांचे इतर विषय मागे पडत असावेत. संशोधकांनी ते सावधपणे मांडले आहे, म्हणून मीही सावधच राहतो. पण गावात इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येऊ लागल्यावर कोणाचे पोर तिच्यात बसवायचे असा विचार करणाऱ्या पालकाने ते ऐकावे, असे मला वाटते. पुष्कळदा मुलगा त्या गाडीत बसतो आणि त्याची बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, हाही आपल्याकडचा एक नकळत चाललेला प्रयोगच आहे.

सोडतीसाठी आपल्याला नवी योजना काढायला नको. शिक्षणहक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांचे प्रवेश राज्यात सोडतीनेच होत आले आहेत. जिथे अर्ज जागांपेक्षा जास्त असतात, तिथे नाव लागलेली आणि न लागलेली अशी दोन्हीकडची मुले यादीत आहेतच. त्यांना चौथीत एकच चाचणी द्यायची. एवढ्याने लाल-हिरव्या खुणांपेक्षा कितीतरी अधिक कळेल.

मार्चमधली मुले

चाचणी केव्हा घेतली, यालाही महत्त्व आहे. जानेवारी उलटला की या भागातली कुटुंबे मिरची तोडायला नदीपलीकडे तेलंगणात जातात, आणि मागे आजी नसेल तर मुलेही बरोबर जातात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात. ती पहाटे वेचावी लागतात. गावातल्या दिवसाच्या शाळेची हजेरी तेव्हा ओसरते, निवासी शाळेची फारशी नाही. नोव्हेंबरात चाचणी घ्या आणि मार्चमध्ये घ्या. त्याच दोन शाळांतले अंतर वेगळे दिसेल. निवासी शाळेत मूल टिकते हा तिचा खरा गुण आहे, तो नाकारू नये. पण मग त्याला ‘अध्यापनाची गुणवत्ता’ असे नाव देऊ नये. त्याचे नाव जेवण आणि निवारा असे आहे.

निकालावरून शाळेचे माप काढण्याची हौस नवी नाही. इंग्लंडमध्ये १८६२ पासून मुलांच्या परीक्षेतल्या यशावर शाळेचे अनुदान ठरू लागले, आणि ती पद्धत मुंबई इलाख्यातही आली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात या पद्धतीबद्दल स्पष्ट मत आहे: ज्या गरीब, अशिक्षित समाजात शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, तिथे ती उपयोगाची नाही, आणि अशा लोकांत स्वतःहून शाळा काढून त्यावर पोट भरणारा शिक्षक मिळणार नाही. जोतीराव संख्याशास्त्र शिकले नव्हते. पण पट आणि शाळा यांतला फरक त्यांना कळत होता. इंग्लंडने ती पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोडून दिली.

आता एक काम सुचवतो. त्याला अनुदान लागत नाही. शाळेचे जनरल रजिस्टर काढा. दहा वर्षांपूर्वी पहिलीत (किंवा हायस्कूल असेल तर पाच-सहा वर्षांपूर्वी पाचवीत) दाखल झालेल्या मुलांची नावे उतरवून घ्या. प्रत्येकापुढे लिहा: घरची भाषा, घरात आधी कोणी शिकले आहे का, शाळा कधी सोडली, दाखला कुठे गेला, आज कुठे आहे. मग दाखल झालेल्या संख्येने भागा, परीक्षेला बसलेल्या संख्येने नव्हे. शेजारच्या दोन शाळांनी असेच केले, तर तिघांना मिळून एक तक्ता करता येईल. पाचवीत आणि आठवीत त्याच मुलांना तोच उतारा वाचायला दिला, तर तीन वर्षांत कोण किती पुढे गेले हेही लिहिता येईल. मूल कुठे पोहोचले यापेक्षा ते कुठून निघाले होते, हा रकाना जास्त काळजीपूर्वक भरावा.

लाल खूण मिळालेल्या त्या गुरुजींना मी हेच सुचवले होते. पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा भेटले, तेव्हा वही बरोबर होती. “पहिल्याच पानावर अडकलो, सर,” म्हणाले. एका मुलीचे नाव बोटाने दाखवले. चौथीपर्यंत गावची जिल्हा परिषद शाळा, पाचवीपासून आश्रमशाळा, आजारपणामुळे आठवीत परत घरी, नववीत खाजगी विद्यालय, आणि दहावीला सतरा नंबरचा फॉर्म. पास झाली होती, दुसऱ्या वर्गात. “हिला कोणत्या प्रकारच्या शाळेपुढे लिहू?” मी वही हातात घेऊन बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिलो. शेवटी आम्ही तिच्यापुढचा शाळेच्या प्रकाराचा रकाना कोरा ठेवला आणि पुढच्या नावाकडे वळलो.